वळचणीतल्या खारी आणि मी

माझ्या नवऱ्याला माझा व्यवसाय सांगता येत नाही असं नाही. त्याला तो सांगायचा नसतो. योकोहामातल्या आमच्या गणेशोत्सवात कुणी नवीन पाहुणे भेटले आणि "वहिनी काय करतात?" असं विचारलं, की निनाद घास गिळून म्हणतो, "ती बिल्डिंग सोल्यूशन्समध्ये आहे." समोरचा आदराने मान डोलावतो. त्याला वाटतं, मी काचेच्या ऑफिसात बसून उंच इमारतींची स्वप्नं विकते. प्रत्यक्षात त्याच सकाळी मी कुणाच्या तरी छपराखाली पोटावर सरपटत गेलेली असते, आणि पैठणी नेसून आरतीला उभी राहिले तरी केसांत एखादं कोळिष्टक उरलेलं असतं.

मी लोकांच्या घरांतून खारी बाहेर काढते. नेमकं सांगायचं तर, बाहेर गेलेल्या खारींना परत आत येऊ देत नाही. चौदा वर्षं हेच करते आहे. मुलीने एकदा शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय 'रिसु-या', म्हणजे खारवाली, असा लिहिला होता. आमच्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच.

मी मूळची पुण्याची, प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. निनादला कावासाकीतल्या एका कंपनीचं काम मिळालं म्हणून आलो. माझ्या व्हिसावर आठवड्याला मोजके तासच काम करायची मुभा होती. ओळखीच्या बायका मुलांना इंग्रजी शिकवत, नाहीतर जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात जात. मला स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली : 'उंचीची भीती नसलेली व्यक्ती हवी.' एवढी कमी अपेक्षा असलेली नोकरी मी तोवर पाहिली नव्हती.

मालकाचं नाव ओगावा-सान. तेव्हाच सत्तरीला टेकलेले. कंपनी म्हणजे ते स्वतः, एक व्हॅन आणि सात शिड्या. मुलाखतीत त्यांनी तीन प्रश्न विचारले. उंचीची भीती वाटते का? कोळ्यांची वाटते का? आणि लोकांच्या माळ्यावर जे दिसेल ते बाहेर न बोलता राहता येईल का? पहिल्या दोन उत्तरांत थोडी थाप होती. तिसरं वचन मी किती पाळलं, ते हा लेख वाचून तुम्हीच ठरवा. नावं तेवढी बदलली आहेत.

आता खारीविषयी. आपल्याकडे खार म्हटली की पाठीवर पट्टे आणि पायरीवर बसून शेंगदाणा सोलणारा तो गोंडस जीव डोळ्यांसमोर येतो. ती इथे नाही. जपानची स्वतःचीही एक खार आहे. ती लाजरी, डोंगरात राहणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. मी म्हणते ती तैवानी खार. राखाडी-तपकिरी, मुंगसाच्या धाकट्या भावासारखी दिसणारी, अंगाएवढं शेपूट मिरवणारी. कधीकाळी बागांमधून पाहुण्यांना दाखवायला म्हणून आणली, पिंजऱ्यातून सुटली, हवा मानवली, राहिली. म्हणजे बाहेरून आलेली, इथली भाषा न कळणारी आणि परत जायचं नाव न काढणारी. आमच्या गल्लीतले म्हातारे खारींबद्दल हे सगळं बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा.

कायद्याने ती परकी आणि उपद्रवी ठरलेली आहे. तिला पाळायचं नाही, खायला घालायचं नाही, पकडून दुसऱ्या डोंगरावर सोडायचंही नाही. वॉर्ड ऑफिस पिंजरा देतं. त्यात खार अडकली की त्यांचा माणूस येऊन घेऊन जातो. पुढे तिचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर ते अत्यंत नम्रपणे खरं सांगतात, म्हणून विचारत नाही.

आमचं काम त्याच्या अलीकडचं. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा : आवाज कधी येतो? रात्री येत असेल तर उंदीर किंवा मांजराएवढं दुसरं जनावर. पहाटे उजाडता-उजाडता सुरू होऊन संध्याकाळी थांबत असेल, तर खार. ती सरकारी नोकरासारखी वेळ पाळते, फक्त काम करते. मग वळचणीला भोक शोधायचं. माझी मूठ जाईल एवढं भोक तिला दरवाजासारखं. त्यात चुरगाळलेला वर्तमानपत्राचा कागद कोंबायचा आणि दोन दिवसांनी बघायचं. कागद बाहेर पडला असेल तर आत कुणीतरी नांदतंय. भोक जस्ती जाळीने बंद करायचं. फोमचा फवारा मारायचा नाही, तो ती वडीसारखा खाते. छपराकडे झुकलेल्या फांद्या छाटायच्या, आणि फांदी शेजाऱ्याची असेल तर आधी मिठाईचा बॉक्स घेऊन त्याच्याकडे जायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आत पिल्लं आहेत का ते बघितल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही. ओगावा-सान हे वाक्य मला रोज ऐकवत. मीही रोज 'हाय' म्हणत असे, म्हणजे 'हो'.

आपली माणसं गिऱ्हाईक म्हणून आली की माझा दिवस वाया जात नाही. पुण्याच्याच एका इंजिनिअरच्या, अभिजितच्या, भाड्याच्या घरात छतातून आवाज येत होते. त्याने मला फोन करण्याआधी सहा आठवडे आवाज रेकॉर्ड करून त्यांची एक्सेल शीट केली होती. मिनिटामिनिटाची नोंद, रंगीत आलेख, वर मथळा 'सीलिंग अॅनोमली'.

"तुमचं निरीक्षण काय?" मी विचारलं.

"पॅटर्न आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "सनराइजशी कोरिलेशन आहे. मला पाइपमधल्या हवेची शंका आहे."

तेवढ्यात त्याची बायको बाल्कनीतून रिकामी वाटी घेऊन आत आली. ती रोज सकाळी खारींना भाजलेले दाणे घालत होती. सहा आठवडे. तो आत आवाज मोजत होता आणि ही बाहेर आवाजाला जेवू घालत होती. एकाच घरात राहून हा विषय दोघांत निघाला नव्हता. दोघंही फार बिझी होती.

"खारीला हाकलायचं?" ती मला म्हणाली. "ताई, तिने रामाला सेतू बांधायला मदत केलीय हो."

"ती वेगळी," मी म्हटलं. "ही सेतू कुरतडणाऱ्यांपैकी."

दाणे बंद झाले, जाळी बसली. शेवटी अभिजितने मला विचारलंच, "पण तुम्ही एम.एस्सी. करून हे का करता?" हा प्रश्न मला एकाही जपानी माणसाने विचारलेला नाही.

असे किस्से सांगून मी पार्टीत भाव खाते. जो किस्सा सांगत नाही तो खाली लिहिते.

मला कामाला लागून चौथं वर्ष होतं. योकोहामाच्या दक्षिणेला टेकडीवर मुंबईच्या एका व्यापारी कंपनीचं गेस्ट हाउस होतं : जुनं, लाकडी, दुमजली, पुढे हिरवळ, मागे देवळाची राई. त्याची व्यवस्था दातार नावाचे एक अधिकारी बघत. तीन वर्षांसाठी जपानला आलेले आणि ती तीन वर्षं सुरळीत संपावीत एवढीच इच्छा असलेले. त्यांचा फोन आला तेव्हा ओगावा-सान गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होते आणि कंपनीची व्हॅन, सातही शिड्या आणि सगळे निर्णय पहिल्यांदाच माझ्या ताब्यात होते.

सोमवारी मी बघायला गेले. दातार दारातच उभे.

"अरे वा, मॅडम, तुम्ही मराठी! मग काय, घरचंच काम झालं की हो. शनिवारी आमचे मोठे साहेब येतायत मुंबईहून, सोबत मॅडम आहेत. वरच्या बेडरूममध्ये पहाटे पाचपासून छतात कुस्त्या चालतात. शनिवारच्या आत शांतता हवी."

भोक सापडलं, वरच्या मजल्यावरच्या खिडकीशेजारी, लाकडी झडपा ठेवायच्या खोबणीच्या वर. कागद कोंबला. बुधवारी कागद खाली हिरवळीवर. मग बेडरूममधल्या बिछान्यांच्या कपाटात शिरून, वरची फळी सरकवून माळ्यावर गेले. टॉर्चच्या उजेडात झाडाच्या सालींचं घरटं दिसलं, आणि त्यात डोळे न उघडलेली दोन पिल्लं. हात लावायचा परवाना आमच्याकडे नव्हता. तो वॉर्डाच्या माणसाचा, आणि तो पुढच्या आठवड्यात येणार होता. मी बघून खाली आले.

ओगावा-सानना फोन केला. "थांबायचं," ते म्हणाले. "पिल्लं स्वतःच्या पायांनी बाहेर पडतील. तीन-चार आठवडे."

मी ते दातारांना मराठीत सांगितलं. त्यांनी असा चेहरा केला, की मीच त्यांची बदली केली आहे.

"मॅडम, जपानी माणूस नियम सांगणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी आपला माणूस शोधला. तुम्ही एम.एस्सी. ना? मग तुम्हाला काय त्या म्हाताऱ्याला विचारायचंय?"

इतक्या वर्षांत माझ्या पदवीचा असा सन्मान कुणी केला नव्हता. मी विरघळले.

एक उपाय होता, आणि तो मला ओगावा-साननीच शिकवला होता. आईला त्रास वाटला तर ती पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात हलवते. गुरुवारी मी माळ्यावर दिवा लावला आणि एक रेडिओ ठेवला. त्यावर शेअर बाजाराच्या बातम्या देणारं स्टेशन लावलं; त्याने कुठलीही आई घर सोडेल. अट एकच : सगळी पिल्लं गेल्यावर घरटं रिकामं झालेलं डोळ्यांनी बघायचं, मगच भोक बंद करायचं.

शुक्रवारी उजाडल्यापासून मी हिरवळीवर मान वर करून बसले. साडेसातला आई वळचणीतून बाहेर आली, तोंडात एक पिल्लू. पन्हळीवरून पळत गेली, भिंतीला लागून असलेल्या राईतल्या मोठ्या कापराच्या झाडावर चढली. काही वेळाने परत आली, दुसरं नेलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता वर जाऊन घरटं बघायचं राहिलं होतं. नेमके दातार पडदेवाल्याला घेऊन आले. "झालं ना? गेली ना सगळी?"

"एकदा आत बघून येते."

"अहो, आत्ता त्या खोलीत नवीन चादरी घातल्यात, कपाटात साहेबांचे किमोनो ठेवलेत इस्त्री करून. तुम्ही त्या धुळीतून खाली येणार. दोन होती म्हणालात, दोन गेली. गणित काय अवघड आहे?"

गणित अवघड नव्हतं. मी बाहेरून शिडी लावली, जाळी बसवली, आणि बसवली मात्र सुरेख. नऊच्या सुमारास ओगावा-सानचा फोन आला. त्यांना त्याच संध्याकाळी घरी सोडणार होते.

"घरटं रिकामं पाहिलंत?"

"हाय," मी म्हटलं.

शनिवारी साडेअकराला दातारांनी फोन केला. आवाज असा, की मागे कुणीतरी उभं आहे हे कळावं. "तुमच्या मालकाला घेऊन ताबडतोब या. साहेबांना त्यांच्याशीच बोलायचंय."

घडलं होतं ते असं. आदल्या दिवसापासून खार परत आली होती आणि जाळीच्या बाजूचं लाकूड कुरतडत होती. साहेब-मॅडमचा नाश्ता त्या संगीतात पार पडला. अकरा वाजता साहेब मुंबईच्या लोकांची व्हिडिओ मीटिंग घेत होते. मुंबईत तेव्हा साडेसात वाजले होते आणि शनिवार होता. साहेबांच्या कर्तबगारीविषयी आणखी काही लिहायची गरज नाही. ऐन भरात खारीने वळचणीतून गेलेली इंटरनेटची केबल तोडली. मुंबईतल्या पंधरा-वीस कुटुंबांनी तिला मनोमन दुवा दिला असेल.

मी ओगावा-सानना त्यांच्या घरून घेतलं. कुबडी व्हॅनमध्ये आडवी ठेवावी लागली. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूला कुरतडते आहे?" मी म्हटलं, "जाळीच्या डावीकडे."

हिरवळीवर साहेब, त्यांच्या मॅडम चहाचा कप घेऊन, आणि दातार. वर वळचणीला ती खार. आम्हाला बघूनही थांबली नाही. लाकडाचा भुसा खाली पडत होता.

"सर," दातार साहेबांना मराठीत म्हणाले, "मी यांना शंभरदा बजावलं होतं, घाई करू नका, काम पक्कं करा. पण हे लोकल व्हेंडर!"

ओगावा-साननी मला भाषांतर विचारलं नाही. सूर कळण्यासाठी भाषा लागत नाही. त्यांनी कुबडीवर भार टाकला आणि तो ऑपरेशन झालेला पाय मागे घेऊन जमेल तितके खाली वाकले. मला वाटलं आता पडतात.

"आमच्या कामात चूक झाली. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो."

मी भाषांतर केलं. अगदी शब्दाला शब्द. 'आमच्या' हा शब्दसुद्धा तसाच ठेवला. 'माझ्या' म्हणायला तिथे पुरेशी जागा होती, वेळही होता, आणि ते मराठीत बोलायचं असल्यामुळे ओगावा-सानना कळलंही नसतं. मी म्हटलं नाही. दातार माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांइतकी एकी मराठी माणसांत क्वचित दिसते.

मग ओगावा-सान माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "सावान्तो-सान, जाळी काढा. आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगा."

मी शिडीवर चढले. खार पन्हळीच्या टोकाला सरकली आणि तिथून कुत्र्यासारखी भुंकत राहिली. स्क्रू लवकर निघेनात; आदल्या दिवशी मीच ते कचकचून आवळले होते. जाळी निघाली. मी खाली आले आणि सगळे झाडामागे उभे राहिलो.

ती आत गेली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी फक्त ते काळं भोक बघत होते आणि मनात एकच चाललं होतं : सत्तावीस तास, दुधाशिवाय. मग ती बाहेर आली. तोंडात तिसरं पिल्लू होतं, आणि त्याचा मागचा पाय हलत होता. पन्हळीवरून ती पुन्हा त्याच कापराच्या झाडाकडे पळाली.

"अय्या!" साहेबांच्या मॅडमनी कप खाली ठेवला. "अहो, बघा ना, किती गोड! आई ती आईच." त्यांनी मोबाइल काढला. साहेबांनीही चष्मा वर करून बघितलं आणि जपानमध्ये निसर्ग कसा जपतात यावर दोन वाक्यं बोलले.

"सर, आपण इथे सगळं इको-फ्रेंडलीच करतो," दातार म्हणाले. "मुद्दाम नॅचरल प्रोसेसची वाट पाहिली."

हे मला कुणी भाषांतर करायला सांगितलं नाही, ही देवाची कृपा.

मग मी चादरींची, किमोनोंची पर्वा न करता कपाटातून वर गेले. घरटं उचकटून पाहिलं. आतल्या थरात, सालींच्या खाली, एक खोलगट जागा होती, अजून कोमट. बुधवारी मी वरवर टॉर्च मारला होता. हे पिल्लू तिथे, दोघांच्या खाली झोपलेलं असणार. बाहेर येऊन भोक बंद केलं, कुरतडलेल्या जागी पत्रा ठोकला. यात तास गेला. ओगावा-सान तोवर हिरवळीवरच्या दगडावर बसून होते. त्यांना कुणी चहा विचारला नाही. मीही नाही.

परत येताना व्हॅनमध्ये पहिल्या सिग्नललाच मी सांगून टाकलं. घरटं मी पाहिलंच नव्हतं. तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"वर बघितल्यावर. जाळी उत्तम बसवली होती. इतक्या चांगल्या जाळीशी खार सबंध दिवस झगडत नाही, दुसरीकडे जाते. आत काहीतरी राहिलं असल्याशिवाय नाही."

"मग तुम्ही माफी का मागितलीत?"

"कंपनी माझी आहे," ते म्हणाले, जणू मी व्हॅनचा रंग विचारला होता. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ती सोय त्यांनी केली नाही.

दोन सिग्नल गेले. मग त्यांनी खिशातून वही काढली. "वॉर्ड ऑफिसला कळवायला हवं. कुठल्या झाडावर नेली, बघितलंत?"

'नाही' म्हणता आलं असतं. राईत शेकडो झाडं होती आणि ते तेव्हा दगडावर पाठमोरे बसायला वळले होते. पण फोनवर थाप मारल्याचं मी त्यांना नुकतंच कबूल केलं होतं. त्याच व्हॅनमध्ये, त्याच म्हाताऱ्याला, दहा मिनिटांत दुसरी थाप मला मारता येईना.

"कापराचं झाड," मी म्हटलं. "भिंतीजवळचं. पहिल्या मोठ्या बेचक्यात."

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी मला कोरा कागद दिला. मी नकाशा काढला : भिंत, देवळाची कमान, झाड, बेचकं, बाण. खाली लिहिलं, 'पिल्लं तीन.' या वेळी आकडा बरोबर होता.

आठवड्याने वॉर्ड ऑफिसच्या माणसाचा फोन आला. काम झालं म्हणाला, आईसकट तिन्ही पिल्लं मिळाली. नकाशा फार स्पष्ट होता, म्हणून त्याने माझे दोनदा आभार मानले.